आर्डिसआत्याची हिरवी पेशी

"खाता येईल अशी पेशी करून आणा," असं प्लूमर सरांनी सातवीच्या वर्गाला सांगितलं, तेव्हा मारेनच्या डोक्यात पिझ्झा होता. गोल पिझ्झा म्हणजे पेशी, जाड कडा म्हणजे तिचं आवरण, मधोमध सॉसेजची मोठी चकती म्हणजे केंद्रक, आणि बाकी मिरच्या, मशरूम, काय वाट्टेल ते. आई करून देणार होती. पण मंगळवारी फार्गोहून फोन आला की मावशीला कळा सुरू झाल्या, आणि आई तशीच गाडी काढून निघून गेली. बाबा रस्त्यावरचं बर्फ उपसणाऱ्या गाडीवर, फेब्रुवारीत ते घरी फक्त झोपायला येत. मग घर सांभाळायला आली बाबांची मोठी बहीण, आर्डिसआत्या.

आत्या स्वभावाने इतकी चांगली की तिच्यावर रागावणंसुद्धा जमत नसे. तिचे यजमान एल्मरकाका गेल्यापासून एकटी राहायची, गावभर मोजे विणून वाटायची. चर्चच्या तळघरात दर रविवारी जेवण असे तेव्हा कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभी राहून दोनशे कप भरायची. आणि त्या जेवणाला, एकतीस वर्षं, न चुकता, तिची हिरवी जेली आणायची.

ती जेली काय होती ते एकदाचं सांगून टाकू, म्हणजे सुटलो. लिंबाच्या चवीची, पोपटी, गोड जेली. त्यात डब्यातला ट्यूना मासा, पाण्यासकट. किसलेला कोबी. सेलरीचे तुकडे. आत लाल मिरची भरलेली हिरवी ऑलिव्ह. चमचाभर व्हिनेगर. आणि हे सगळं थरथरत घट्ट झालं की वरून मेयोनेजचा बोटभर थर. गोड, आंबट, खारट आणि मासा, एकाच घासात. चावायला जावं तर चावलंही जात नाही, ते आपणहूनच घशाकडे सरकतं. शी!

पण हे असं तोंडावर म्हणायची त्या गावात सोय नव्हती. मिनेसोटातलं ते छोटंसं गाव, सगळे मूळचे नॉर्वेकडचे. कुणाला दुखवायचं नाही म्हणजे नाही. घास घशाखाली उतरत नसला तरी "वेगळंच आहे हं!" म्हणायचं आणि रुमाल तोंडाला लावायचा. ताटलीत चांगल्या केकचा शेवटचा तुकडा उरला तर तो कुणी उचलत नसे. एक जण निम्मा घेई, दुसरी त्याच्या निम्मा, शेवटी नखाएवढा चुरा उरे आणि तोही कुणी खात नसे, कारण हावरट कोण दिसणार? अशा गावात आर्डिसआत्याची ताटली मात्र दर रविवारी चकाचक रिकामी होई. आत्याला त्याचा केवढा अभिमान!

ताटली कशी रिकामी होई, ते मारेनला माहीत होतं. कारण ती रिकामी करणारी मारेनच होती.

ती दहा वर्षांची झाली त्या रविवारी आईने तिला चर्चच्या स्वयंपाकघरात बाजूला घेतलं होतं. "आता तू मोठी झालीस. आत्या कॉफी वाढत असते तेव्हा सगळ्यांच्या ताटल्या गोळा करायच्या. आत्याची जेली आधी खरवडायची. तिच्या भांड्यात उरलेलीसुद्धा. आणि कचऱ्यावर पेपर टाकायचा, कळलं? आत्याला दिसता कामा नये." तेव्हापासून अडीच वर्षं मारेन खरवडत होती. कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेले गोळे, बटाट्याखाली दडवलेले गोळे, कॉफीच्या कपात बुडवलेले गोळे. डब्यात ती जेली पडताना 'थप्प' असा ओला आवाज येई. कोपरापर्यंत हात धुतला तरी बुधवारपर्यंत माशाचा वास.

तर बुधवारी संध्याकाळी आत्याने विचारलं, "काय गं, पेशीच्या आत असतं तरी काय?"

आणि मारेनने, मूर्खासारखं, पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं. "पेशीच्या आत जेलीसारखा द्रव असतो."

आत्याच्या हातातली सुई थांबली. चेहरा उजळला.

"जेलीसारखा?" आत्या म्हणाली. "अगं, मग पिझ्झा कशाला?"

"नको आत्या, पिझ्झाच बरा. सोपा पडतो. तुला उगीच त्रास."

"त्रास कसला? डोळे मिटून करते मी. आणखी काय काय असतं त्यात, वाच बघू."

मारेनने जीव तोडून सांगून बघितलं की शुक्रवारी वर्गातली मुलं एकमेकांच्या पेशी चाखणार आहेत, ज्याची पेशी खाल्ली जाईल त्यालाच पूर्ण गुण मिळणार आहेत, मुलांना गोडच आवडतं. आत्या हसली. "चर्चमध्ये कधी उरली का माझी? आणि घरच्यांनाही बोलावलंय ना? मी येते. आई नाहीये तुझी, कुणीतरी नको का?"

झालं. मारेन त्या रात्री जेवलीच नाही. गुणांचं तिला काही पडलं नव्हतं, प्लूमर सरांनी भोपळा दिला असता तरी चाललं असतं. तिला भीती होती ती वर्गाची. ते सभ्य वागणं या गावात माणसाला पंधरा-सोळाव्या वर्षी येतं. सातवीतली पोरं अजून कच्ची होती. डीनसारखा मुलगा तर नुसता वास आला तरी बोंब मारणार. आणि आत्या तिथे उभी असणार, अंगात चांगला कोट घालून. मग आत्याला कळणार. एका वर्गातलं नव्हे, एकतीस वर्षांचं.

गुरुवारी शाळेतून आल्यावर पेशी बांधायला घेतली. मारेनला ट्यूनाचा डबा उघडायला सांगितलं. तिने श्वास रोखून उघडला, तरी ते करडं पाणी मनगटावर सांडलंच. आत्या गाणं गुणगुणत होती.

"हा मासा म्हणजे काय म्हणालीस?"

"तंतुकणिका," मारेन नाक दाबून म्हणाली. "ऊर्जा तयार करतात त्या."

"बरोबर, मासा ताकदीचाच. आणि ऑलिव्ह?"

"रिक्तिका."

"आणि हे उकडलेलं अंडं तुझं ते केंद्रक. बघ, पिवळं आतलं पण जमून गेलं!" आत्याने अर्धं अंडं त्या पोपटी रसात सोडलं. ते हळूहळू बुडालं आणि खालून एखादा डोळा बघावा तसं बघत राहिलं. उकडलेल्या शेवयांचं वेटोळं झालं आंतर्द्रव्यजालिका, आणि ते जेलीत सुटून जंतांसारखं पसरलं. मारेनला खरोखरच उमासा आला. आत्या मात्र एकेक ऑलिव्ह बोटाच्या चिमटीत धरून, अंग आखडून, झटक्यात टाकत होती. टाकून झालं की बोटं एप्रनला पुसत होती. हे मारेनने पाहिलं, पण तेव्हा तिला त्यात काही वाटलं नाही.

"चाखून बघतेस?" आत्याने विचारलं.

"तूच बघ ना."

"छे, करणाऱ्याने शेवटी खायचं. पडवीत ठेव जा. तासाभराने आठवणीने आत आण हं, नाहीतर गोठेल."

थंडीच्या दिवसांत फ्रीज कोण वापरतो त्या गावात? सगळ्यांच्या जेल्या पडवीतच लागतात. बाहेर उणे वीस. मारेनने भांडं ठेवलं, आणि तासाभराने आत्याने विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "आणलं आत." होऊ दे गोठून दगड! फुटू दे भांडं! मग सरांना सांगता येईल की पेशी गेली कामातून.

भांडं फुटलं नाही. सकाळी आत्याला पडवीत पेशी दगडासारखी सापडली. ती एक शब्द रागावली नाही. "विसरलीस होय? असू दे गं, डोक्यात अभ्यास असतो पोरीच्या," एवढंच म्हणाली आणि भांडं खोली तापवणाऱ्या गरम नळ्यांवर ठेवलं, दुपारपर्यंत. मारेनला शरमेने मान वर करवेना. आणि गोठून सुटलेली जेली काय होते ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. तिला पाणी सुटतं. मारेन दुपारच्या सुट्टीत घरी आली तोवर पेशीभोवती हिरवट पाण्याचं तळं साचलं, त्यावर मेयोनेजचे फाटके तुकडे तरंगायला लागले, कोबी मलूल पडला, आणि चार तास कोमट झालेल्या माशाने घरभर आपली वर्दी दिली. आत्याने त्यावर रुमाल बांधला, अंगात निळा कोट चढवला, ओठांना रंग लावला. "चल!"

विज्ञानाच्या वर्गात बाकांवर ओळीने पेशी मांडल्या होत्या. केकच्या पेशी, कुरमुऱ्यांच्या पेशी, रोंडाची तर नुसत्या चॉकलेटची. आयाबाया भिंतीशी उभ्या. आत्याने भांडं ठेवून रुमाल सोडला आणि दोन पावलं मागे सरून हात पोटाशी बांधून उभी राहिली, शाबासकी घ्यायला उभं राहतात तशी.

वास पसरायला अर्धं मिनिट लागलं.

"ईऽऽ! कुणी काय केलं?" मागच्या बाकावरून डीन ओरडला. मग वास हुंगत हुंगत पुढे आला, भांड्यात डोकावला. "सर! मारेनची पेशी मेलीय! सडलीय ती, सर!"

वर्ग खदाखदा हसला. "डीन!" प्लूमर सर ओरडले, पण त्यांचा स्वतःचा हात नाकाशी गेला होता. "अं... छान. आर्डिसबाई, हे... वेगळंच आहे हं."

"घ्या की सर," आत्या म्हणाली.

सरांनी चमचाभर घेतलं. ते मोठे होते, त्यांनी गिळलं. गिळताना त्यांचे डोळे बारीक झाले आणि गळ्याची घाटी दोनदा वरखाली झाली. पुढे रोंडा. बिचारीने घास तोंडात घातला, थांबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने सगळं, अंड्यासकट, हातरुमालात काढलं. "सॉरी मारेन. सॉरी. हे खाण्याचं नाहीये ना? शोभेचं आहे ना?"

भिंतीशी उभ्या आया छताकडे बघायला लागल्या.

मारेनने आत्याकडे पाहिलं. आत्या अजून हसत होती, पण ते हसू आता नुसतं ओठांवर राहिलं होतं. मारेनने डाव उचलला, ताटली भरून घेतली आणि खायला लागली. एक घास. मासा कोमट होता. दुसरा घास. शेवया जिभेखाली गेल्या. तिसऱ्या घासाला ऑलिव्ह फुटलं आणि खारट पाणी त्या गोड चिकट लगद्यात मिसळलं. तिच्या कपाळावर घाम फुटला. "मस्त झालंय," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "मला तर फार आवडतं. चर्चमध्ये सगळे... संपवतात." चौथ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"मारेन," आत्या म्हणाली. "थांब."

"नाही, खरंच छान—"

"चमचा दे इकडे."

आत्याने चमचा घेतला. चांगला घसघशीत घास घेतला, मासा, ऑलिव्ह, मेयोनेज, सगळं आलं पाहिजे असा. तोंडात घातला. एकदा चावलं. आणि तिचा चेहरा, काय सांगावं, वर्गातल्या सगळ्या पोरांनी तो जन्मभर लक्षात ठेवला असेल. ती ताठ मानेने, ओठ घट्ट मिटून, हात धुवायच्या बेसिनपाशी चालत गेली आणि तिथे थुंकली. नळ सोडून तीनदा चूळ भरली. मग पर्समधला रुमाल काढून ओठांचा रंग नीट पुसला.

"हे असं लागतं होय?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

गाडीत बसल्यावर आत्याने किल्ली फिरवलीच नाही. काचेवर दोघींचा श्वास साचत होता. मागच्या सीटवर भांडं वास मारत होतं.

"तू आधी कधी खाल्लं नव्हतंस?" मारेनने विचारलं.

"ऑलिव्ह मला लहानपणापासून चालत नाही. वासही नाही. पण चर्चमध्ये माझी पाळी येईपर्यंत भांडं रिकामं असायचं. मी मनात म्हणायचे, बरं झालं बाई, सुटले." तिने बाहीने काच पुसली. "चर्चमध्ये कोण खातं गं हे?"

मारेन बूट बघत राहिली.

"मारेन. मी तुला विचारतेय."

"कुणी नाही."

"मग जातं कुठे?"

"कचऱ्यात. मी टाकते. आईने सांगितलंय. वर पेपर टाकायचा, म्हणजे तुला दिसणार नाही." आता तोंड उघडलंच होतं, तर ते बंद होईना. "आणि काल मी भांडं मुद्दाम बाहेर ठेवलं. विसरले नव्हते. खोटं बोलले."

"कधीपासून टाकतेस?"

"दहा वर्षांची झाले तेव्हापासून. आधी आई टाकायची. त्याच्या आधी कोण, माहीत नाही."

आत्या हसली की काय, असं मारेनला वाटलं. पण ते हसू नव्हतं. "आधी मीच असेन," आत्या म्हणाली. "ही माझ्या सासूची जेली. हिल्डाची. लग्नानंतर पहिल्या रविवारी तिने वाढली. मी नवी सून, काय बोलणार? न चाखताच म्हटलं, फारच छान हो! चौदा वर्षं तिच्या टेबलावरून रुमालात बांधून न्यायचे आणि कोंबड्यांना टाकायचे. कोंबड्या पण खात नव्हत्या. मरताना म्हातारीने जेलीच्या कृतीचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, आर्डिस, तुलाच एकटीला माझी जेली मनापासून आवडायची." तिने नाक पुसलं. "मग करणं भाग होतं ना गं? तिच्या नावाने? पुढच्या रविवारपासून करायला लागले."

"सॉरी, आत्या."

"तुझ्यावर नाही मी चिडले," असं म्हणून आत्याने गाडी सुरू केली. पण ती चिडली होती. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि शनिवारचा सगळा दिवस तिने मारेनशी फक्त "जेव" आणि "टोपी घाल" एवढंच बोलून काढला. ते मारेनला जेलीपेक्षा वाईट गेलं.

आई शनिवारी संध्याकाळी परतली. आणि रविवारी आर्डिसआत्या चर्चच्या तळघरात उतरली ती दोन भांडी घेऊन. दोन! दोन्ही हिरवी, दोन्ही थरथरणारी.

आई मारेनच्या कानाशी कुजबुजली, "दोन कशाला आणलीत गं? डबा मोठा बघून ठेव."

मारेन रांगेत जाऊन उभी राहिली.

आत्या कॉफीच्या भांड्यापाशी गेलीच नाही. कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि जेलीच्या मागे डाव घेऊन उभी राहिली. रांग पुढे सरकली की प्रत्येकाच्या ताटलीत स्वतःच्या हाताने गोळा घाली आणि म्हणे, "इथेच खा. मला बघायचंय." पाद्रीबाबा हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. आत्या हसली नाही. पाद्रीबाबांनी खाल्लं. त्यांच्या बायकोने खाल्लं. शेजारच्या लव्हॉनने ताटली हळूच बटाट्याच्या मागे सरकवली, तर आत्याने ती परत पुढे ओढली. "लव्हॉन, एकतीस वर्षं खातेस ना? मग आज काय झालं?" लव्हॉनने खाल्लं. तळघरात एवढी शांतता की गिळण्याचे आवाज ऐकू येत होते, एकामागून एक, ओले. एकही माणूस खरं बोलला नाही. "वेगळंच आहे हं, आर्डिस." "नेहमीसारखंच, आर्डिस." "चव आहे तुझ्या हाताला, आर्डिस." आणि आत्याचा चेहरा प्रत्येक कौतुकाला आणखी आणखी पडत होता. मारेनच्या आईने डोळे मिटून दोन घासांत संपवलं आणि म्हणाली, "मस्तच, वन्सं."

मग मारेन. आत्याने सगळ्यांपेक्षा मोठा गोळा तिच्या ताटलीत घातला. तो लदलदला. आत एक ऑलिव्ह वर बघत होतं.

मारेनने खाल्लं. शुक्रवारचं अजून घशात होतं, त्यावर हे. एक घास, पूर्ण चावून. गिळला.

"कसं आहे?" आत्याने विचारलं.

आई मागून मारेनच्या पाठीला बोट टोचत होती. सगळं तळघर बघत होतं.

"घाण आहे," मारेन म्हणाली. "ओकारी येते, आत्या."

कुणाच्या तरी हातातला काटा खाली पडला. आई "मारेन!" म्हणून किंचाळली. आत्या टेबलाला हात टेकून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की हसते आहे, ते बराच वेळ कुणाला कळेना. मग तिने डाव खाली ठेवला, टेबलाच्या पलीकडून मारेनचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळावर कपाळ टेकवलं. तिच्या हातांना माशाचा वास येत होता.

"एक तरी खरं बोलणारं निघालं घरात," ती म्हणाली. "मी हिल्डाला नाही सांगू शकले गं."

मग तिने भांडं उचललं. "कचऱ्याचा डबा आण. पेपर नको टाकूस वर."

मारेनने डबा आणला, सगळ्यांच्या मधोमध ठेवला. आत्याने भांडं उपडं केलं. थप्प! तोच आवाज. एका भांड्याचं सगळं गेलं. दुसऱ्याचं निम्मं गेलं होतं तेवढ्यात लव्हॉन पुढे आली, तिचे डोळे पाणावले होते.

"अगं आर्डिस, काय करतेस हे? मुलीचं काय मनावर घेतेस? चांगली होती की गं जेली!"

आत्याने भांडं सरळ केलं. लव्हॉनकडे बघितलं. मग उरलेलं सगळं, डावाने, शांतपणे, लव्हॉनच्या ताटलीत वाढलं.

आणि लव्हॉनने खाल्लं. सगळं.